जेवणाच्या सुट्टीतली भिंगं

आमच्या मॅडमच्या हातात कुणी नवा मोबाइल दिला, तर त्या किंमत विचारायच्या नाहीत आणि कॅमेराही बघायच्या नाहीत. मोबाइल डोळ्यांच्या पातळीला आणायच्या, मान वाकडी करायच्या आणि पार कडेनं, म्हणजे पडदा जवळजवळ दिसेनासा होईपर्यंत, त्याच्याकडं बघायच्या. मग परत देताना म्हणायच्या, "समोरून बरंय."

ही त्यांची पावती होती. घेणाऱ्याला ती कौतुकाची वाटायची. ती तशी नसायची हे आम्हा दोघा-तिघांनाच माहीत होतं.

पुढं पुढं ही खोड मोबाइलपुरती राहिली नाही. दुकानात साडी बघताना त्या गल्ल्याशेजारी जाऊन उभ्या राहायच्या. कॉलेजच्या संमेलनाला पहिल्या रांगेतली राखीव खुर्ची सोडून पडद्याच्या दोरीजवळ जाऊन बसायच्या. माझ्या लग्नातही त्या स्टेजच्या कडेला, बँडवाल्याच्या पेटीवर टेकून उभ्या होत्या. अक्षता टाकून झाल्यावर मला आहेर देताना म्हणाल्या, "उजेड सगळा फोटोवाल्यासाठी लावलाय की रे. सासूबाई तिकडं अंधारात बसल्यात." मी वळून बघितलं तर खरंच बसल्या होत्या. आमच्या विभागातल्या एका प्राध्यापकांना वाटलं की यांची मान धरलीय. त्यांनी मोठ्या आपुलकीनं मानेचा पट्टा आणून दिला. मॅडमनी तो ठेवून घेतला आणि त्यात प्रयोगशाळेतली काचेची नळी उभी करून ठेवली.

मॅडम अक्कलकोटकडच्या. घरी कन्नड, वर्गात मराठी, आणि चिडल्या की दोन्हींची भेळ. एखादी गोष्ट सोडून द्यायची असली की "होगली बिडू" म्हणायच्या, म्हणजे जाऊ दे, सोड. दिवसातनं पंधरा वेळा तरी म्हणत असतील. पगाराची फाइल हरवली, होगली बिडू. स्कूटरला कुणी ठोकलं, होगली बिडू. एका विद्यार्थ्यानं परीक्षेत त्यांच्याच नोट्स बघून लिहिलं, तेव्हाही चष्मा वर करून म्हणाल्या, "बघून लिहिलंय तरी चुकलंय. होगली बिडू."

सोडायच्या नाहीत ती एकच गोष्ट, मोजमाप. त्यांच्यासमोर 'जास्त', 'कमी', 'बरंच' हे शब्द वापरायची चोरी होती. कँटीनवाला म्हणाला, "मॅडम, चहा गरम हाय," की यांचा प्रश्न तयार, "मोजलास का?" तो बिचारा पहिल्यांदा गोंधळला. नंतर नंतर कप ठेवतानाच सांगू लागला, "मोजला न्हाय, पण हात भाजला."

मी त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी. पहिला आणि शेवटचा. माझ्या आधी कुणी टिकलं नाही आणि माझ्यानंतर त्या निवृत्त झाल्या. विषय असा होता. घड्याळात, साखर तपासायच्या यंत्रात, डोळ्याला लावायच्या नव्या चष्म्यांत जे नखाएवढे ओएलईडी पडदे असतात, त्यांचा प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो. पण तयार झालेल्या उजेडातला मोठा वाटा बाहेर येतच नाही. काचेच्या पृष्ठभागाला तिरका लागला की आत परततो, आणि आतल्या आत आडवा पळून विझतो. मग लोक वीज वाढवतात, पडदा तापतो, लवकर मरतो. त्यावर उपाय म्हणजे पडद्यावर बारीक भिंगांचा एक पापुद्रा चिकटवायचा. केसाच्या जाडीत कितीतरी मावतील इतकी बारीक भिंगं. सपाट काचेऐवजी उजेडाला असा फुगीर उतार मिळाला की तो सटकून बाहेर पडतो. वीज तेवढीच, उजेड जास्त.

किती जास्त, हे मोजायचं.

या विषयात एक धोका होता, तो म्हणजे भाषणं. आमचे प्राचार्य मोठे भावनाप्रधान. विज्ञान दिनाला ते माइकवर म्हणाले, "आपल्या सोलापूरच्या प्रत्येक मुलाच्या आत असाच प्रकाश अडकलेला आहे, आणि मॅडमसारखे शिक्षक म्हणजेच ती भिंगं." टाळ्या पडल्या. मॅडम उठल्या, माइक मागून घेतला आणि म्हणाल्या, "मी काचेबद्दल बोलतेय. मुलांच्या आत रक्त, हाडं असतात." आणि खाली बसल्या. तेव्हापासून विभागात कुणी उपमा दिली की आम्ही एकमेकांकडं बघायचो. मीही इथं ती देणार नाही. त्या हे वाचतील.

तर ही भिंगं करायची कशी? मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत त्यासाठी खोलीएवढी यंत्रं असतात. आमच्याकडं एक ओव्हन होतं आणि त्याचं दार लागत नव्हतं. मॅडमनी जुनी, गरिबाची रीत निवडली. प्लॅस्टिक क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं आणि काचेवर पसरायचं. क्लोरोफॉर्म उडून जाताना काच गार पडते, हवेतली वाफ तिच्यावर दवासारखी धरते, आणि ते बारीक थेंब आपोआप रांगेत, एकाला एक चिकटून बसतात. सगळं सुकलं की प्लॅस्टिकात थेंबांचे खड्डे उरतात. त्यावर पारदर्शक सिलिकॉन ओतून सोलून काढलं की खड्ड्यांच्या जागी उंचवटे. झाली भिंगं.

रीत सोपी आहे, फक्त हवा दमट लागते. आणि आम्ही होतो सोलापुरात.

पहिलं वर्ष आमचं हवा ओली करण्यात गेलं. किटल्या उकळल्या. बादल्या भरून ठेवल्या. एकदा मॅडमनी घरच्या सहा चादरी भिजवून प्रयोगशाळेत दोरीवर टाकल्या, आणि नेमके त्याच दिवशी बाहेरचे पाहुणे विभाग बघायला आले. कितीही केलं तरी थेंब कुठं मोठे, कुठं बारीक, कुठं नाहीतच. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की अंगावर पुरळ उठल्यासारखं दिसायचं.

मग एक दिवस माझे वडील माझा विसरलेला डबा द्यायला आले. आम्ही शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे विणकर. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. घरामागं आमचा छोटा कारखाना आहे. आठ माग, टॉवेल विणतात. नानांनी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं, नाकानं हवा ओढली आणि मॅडमना म्हणाले, "हितली हवा लई कोरडी हाय. असल्या हवेत सूत टिकत न्हाय."

"मग तुमी काय करता?" मॅडमनी विचारलं.

"पाणी मारतो की. फरशीवर मारतो, वरनं फवारे हायत. सूत ओलं राहिलं तरच माग चालतो."

मॅडमनी चष्मा वर केला. "ओल किती असते? मोजलीय?"

"मोजायचं काय त्यात. सूत तुटलं की कमी, गंज चढला की जास्त."

मॅडमना इतकं नेमकं उत्तर त्याआधी कुणी दिलं नसावं. दुसऱ्याच दिवशी त्या हवेतली ओल मोजायचं यंत्र घेऊन आमच्या कारखान्यात हजर झाल्या. नानांनी नाकानं सांगितलेलं आणि यंत्रानं सांगितलेलं सारखंच निघालं. पण एक अडचण होती. माग चालू असले की फरशी थरथरते आणि थेंबांच्या रांगा मोडतात. माग बंद असले की पाणी कुणी मारत नाही. दोन्ही जमेल अशी दिवसातली एकच वेळ होती, जेवणाची सुट्टी. एक वाजता माग थांबत, हवा अजून ओली असे, आणि अर्ध्या तासानं पुन्हा खडखडाट सुरू होई.

त्या अर्ध्या तासात आम्ही दोन वर्षं काम केलं.

एक वाजायला दहा मिनिटं असताना मॅडमची विजेवर चालणारी स्कूटर दारात लागायची. दोन सारखे स्टीलचे डबे. एकात काचेच्या पट्ट्या आणि क्लोरोफॉर्मची बाटली, दुसऱ्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. हवेत उडणारं सुताचं तूस काचेवर बसू नये म्हणून त्यांनी पेढ्याचा एक मोठा डबा पालथा घालायला आणला होता, त्याला बाजूनं भोकं पाडलेली. काच त्याच्याखाली ठेवायची आणि थेंब बसेपर्यंत गप्प बसून भाकरी खायची. एकदा नानांनी चटणी घ्यायला चुकीचा डबा उघडला. वास नाकात गेल्यावर डबा हळूच बंद करून म्हणाले, "मॅडम, तुमची चटणी लई तेज हाय."

कामगार आधी लांबून बघायचे, मग जवळ आले. मॅडम काच छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून सगळ्यांना दाखवायच्या. रांगेत बसलेले ते खड्डे बघून एक जण म्हणाला होता, "विणलंय की हे." मॅडमनी त्याला उपमेबद्दल काही म्हटलं नाही. विणकराला सूट होती.

आणि अत्ता होती. अत्ता म्हणजे माझी आत्या, नानांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर आमच्याकडं आली ती राहिली, आणि कारखान्यात कांड्या भरू लागली. मागाच्या धोट्यात जी सुताची छोटी नळी बसते ती कांडी. त्या भरायचं मशीन कोपऱ्यात, भिंतीला लागून होतं. अत्ता जेवणाच्या सुट्टीतही तिथून उठायची नाही. डबा मांडीवर घेऊन तिथंच जेवायची. मॅडम आणि ती फारशा बोलायच्या नाहीत. एक कन्नड, एक तेलुगू, मधे थोडं मराठी. पण चटणी इकडून तिकडं जायची.

तिसऱ्या वर्षी आम्हाला यश आलं. एक पडदा साधा, एक भिंगांचा पापुद्रा लावलेला, दोघांना वीज सारखी. उजेड मोजताना बाहेरचा प्रकाश मधे येऊ नये म्हणून मॅडमनी आमच्याच कारखान्यातली युक्ती केली. सूत ज्यावर गुंडाळून येतं ती पुठ्ठ्याची नळी. तिच्या एका तोंडाला पडदा, दुसऱ्या तोंडाला उजेड मोजायचा डोळा. आकडा आला जवळजवळ दीडपट. पुन्हा मोजला, दीडपट. मॅडमनी दहा वेळा मोजायला लावला, दहाही वेळा तेवढाच आला. आम्ही पेपर लिहिला, पाठवला, तो स्वीकारला गेला. बंगळूरच्या एका कंपनीनं, जी अशा चष्म्यांचे पडदे करते, मला मुलाखतीत सांगितलं होतं की पेपर छापून आला की रुजू व्हा. नानांनी पेढे वाटले. मी नवीन बॅग घेतली.

पेपर छापायला जायच्या आठवडाभर आधी मॅडम म्हणाल्या, "कारखान्यातल्यांना दाखवूया की. त्यांच्या हवेचं आहे."

एक वाजता माग थांबले. मधल्या टेबलावर दोन पडदे लावले, डावीकडं साधा, उजवीकडं भिंगांचा, आणि सगळे समोर गोळा झाले. "उजवीकडचा लई लखलखीत हाय," सगळे म्हणाले. नाना तर मान डोलवत राहिले. मीही जरा ताठ उभा होतो.

कोपऱ्यातून अत्ता म्हणाली, "उजवीकडचाच अंधारा दिसतोय की."

मी म्हटलं, "अत्ता, तू समोर ये ना. तिथून काय दिसणार."

"थांब," मॅडम म्हणाल्या. "त्यांना तितंच बसू दे."

त्या अत्ताजवळ गेल्या, तिच्या मशीनशेजारी उकिडव्या बसल्या आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आपले डोळे आणून मान वाकडी करून बघू लागल्या. बराच वेळ. मग उठून त्यांनी दोन्ही पडदे डब्यात घातले आणि भाकरी न खाता निघून गेल्या.

प्रयोगशाळेत मी पोचलो तेव्हा त्यांनी पुठ्ठ्याची नळी काढून बाजूला ठेवली होती. शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक टेबलावर चिकटवला होता आणि उजेड मोजायचा डोळा एकेका अंशानं फिरवत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "नळीनं बाजूचा उजेड खाल्ला. आपण फक्त समोरचा मोजला." मी कागद बघितला. समोर दीडपट, खरंच. पण बाजूला गेलं की साध्या पडद्यापेक्षाही कमी. सगळ्या बाजूंची बेरीज केली तर वाढ नावालाच. आमची भिंगं फार चपटी होती. त्यांनी आतला उजेड सोडवलाच नव्हता, बाजूला जाणारा उचलून पुढं ढकलला होता.

मी म्हटलं, "मॅडम, चष्म्याच्या पडद्याला डोळा समोरच असतो. बाजूनं कोण बघतंय?"

"खरंय. मग पेपरात तसं लिहायला पाहिजे होतं, समोरून दीडपट. आपण काय लिहिलंय? आतला उजेड बाहेर काढला."

"कुणाच्या लक्षात येणार नाही."

"अत्ताच्या आलं की."

मी वाट बघत होतो. आता म्हणतील, होगली बिडू. पंधरा वेळा म्हणतात, एकदा माझ्यासाठी म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझ्यासमोर बसून पेपर मागं घ्यायचं पत्र लिहिलं, खाली आधी स्वतःची सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला.

मी सही केली, पण मला मॅडमचा भयंकर राग आला. आजही थोडा शिल्लक आहे, खोटं कशाला बोलू. कंपनीनं वाट बघितली नाही, जागा दुसऱ्याला दिली. मी अकरा दिवस प्रयोगशाळेत गेलो नाही. घरात तर सुतकच. नाना माझ्याशी कमी आणि मागांशी जास्त बोलत. अत्ताचं सगळ्यात वाईट झालं. "मी गप बसायला पायजे होतं. पोराचं नशीब माझ्या तोंडानं गेलं," असं ती सारखं म्हणायची. मी तिला एकदाही 'नाही' म्हटलं नाही. त्याची मला लाज वाटते.

बाराव्या दिवशी एक वाजता स्कूटर दारात लागली. मॅडम माझ्या बाजूनं पुढं गेल्या. सरळ अत्ताच्या मशीनशेजारी जाऊन खाली बसल्या, डबा उघडला आणि म्हणाल्या, "अत्ता, मी तीस वर्षं उजेड शिकवते. मला जे दिसलं न्हाई ते तुमाला दिसलं. आता रोज बघून सांगायचं." अत्तानं पदरानं डोळे पुसले आणि भाकरी मोडून दिली. मग मॅडम नानांकडं वळल्या. "भिंगं खोल पाहिजेत. थेंबांना फुगायला वेळ पाहिजे. अर्धा तास पुरत न्हाई."

नाना हात धुवून मागाकडं गेले. पण दुसऱ्या दिवशी दीड वाजला तरी माग सुरू झाले नाहीत. दोन वाजता झाले. विणकरानं माग उभा ठेवणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. ते वर्षभर रोज असंच चाललं. मी आपला गुपचूप पेढ्याच्या डब्याशेजारी जाऊन बसलो.

त्या वर्षी मॅडमना बाजूनं बघायची खोड लागली. मोबाइल, साड्या, माणसं, सगळं. थर्माकोलचे दोन अर्धगोल आतून पांढरे रंगवून त्यांनी एक पोकळ चेंडू केला, म्हणजे पडदा आत ठेवला की चहूबाजूंचा उजेड एकदम मोजता येईल. तरीही काच तयार झाली की आधी अत्ताच्या कोपऱ्यातून बघायची, मगच चेंडूत. अत्ता दहापैकी नऊ वेळा बरोबर निघायची. शेवटी आकडा आला सव्वापटीच्या आसपास. दीडपट नाही. पण समोरून, बाजूनं, वरून, खालून, सगळीकडून सव्वापट. पडद्यावरची अक्षरं जराशी पसरायची, तेही आम्ही लिहिलं.

माझी तोंडी परीक्षा झाली ती मॅडमच्या निवृत्तीच्या महिन्यात. मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होतो. या वेळीही गेलं असतं तर पुढं मार्गदर्शक नव्हता आणि नानांकडं मागायला तोंड नव्हतं. मॅडम आल्या त्या अत्ताला स्कूटरवर मागं बसवून. अत्तानं ठेवणीतली इरकल नेसली होती. शिपायानं तिला पहिल्या रांगेत बसवायला खुर्ची पुसली, पण मॅडमनी ती उचलून पार कडेला, खिडकीजवळ नेऊन ठेवली आणि अत्ताला तिथं बसवलं.

बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, कडक. माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "समोरून ठीक आहे. बाजूनं किती?"

मी पान उघडलं. अख्खं प्रकरणच होतं. ते चष्मा लावून वाचत राहिले, एक पान, दुसरं, तिसरं. मग सुरुवातीचं आभाराचं पान उलटून त्यांनी विचारलं, "या अत्ता कोण? बाजूनं मोजायचं यांनी सुचवलं असं लिहिलंय." मॅडमनी खिडकीकडं बोट दाखवलं.

परीक्षक वळले. "बाई, तुम्हाला हे कसं काय सुचलं?"

अत्ता आधी माझ्याकडं बघून घाबरली, मग मॅडमकडं बघून सावरली. म्हणाली, "सुचायचं काय त्यात, साहेब. माझं मशीन तितंच हाय. मी तितंच बसते की."

सगळे हसले. परीक्षकही हसले, आणि माझा जीव भांड्यात पडला. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्या उठल्या, आपली खुर्ची उचलून अत्ताच्या शेजारी नेऊन ठेवली, आणि माझी उरलेली परीक्षा त्यांनी तिथूनच बघितली.